कोणाच्या हातचा पाव?

मराठीत आपण पाव म्हणतो. उर्दूच्या जुन्या पुस्तकांत नान-पाव असा जोडशब्द येतो, उत्तरेकडची माणसे डबल रोटी म्हणतात आणि हिंदीत पावरोटी हा शब्द चालतो. वस्तू एकच. नान म्हणजे फारसीत रोटी. पाव हे पोर्तुगीजांच्या 'पांव' या शब्दाचे आपल्या तोंडात बसलेले रूप, आणि त्याचाही अर्थ रोटीच. तेव्हा नान-पाव म्हणजे 'रोटी-रोटी' झाले, पावरोटी म्हणजेही तेच. इराणातून खुश्कीच्या मार्गाने आलेला एक शब्द आणि लिस्बनहून समुद्रमार्गे आलेला दुसरा शब्द हिंदुस्थानात एकमेकांना भेटले आणि एकाने दुसऱ्याला हुसकावण्याऐवजी दोघेही एकाच दस्तरख्वानावर बसले, असे म्हणायला हरकत नाही.

परंतु ही साधी गोष्ट लोकांना पटत नाही. पाव म्हणजे चौथा हिस्सा, पावशेरातला पाव, तोच हा, असे काही जण सांगतात. दुसरे स्पष्टीकरण मी बी.एड.ला असताना प्रथम ऐकले आणि त्यानंतर निदान दहा वेळा ऐकले. पाव पायाने तुडवून मळतात, म्हणून त्याला पाव म्हणतात! सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर किळस असते, आणि नवल असे की सांगताना हातात बहुधा वडापाव असतो. पायाने मळणारे कोण, हे कुणी उघड बोलत नाही. बेकऱ्या बहुतेक कोणाच्या आहेत हे सर्वांना ठाऊकच असते.

या कथेचे वय मोठे आहे. ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार हेरोडोटस इजिप्तच्या लोकांच्या 'उलट्या' रीतींची यादी देतो. त्या यादीत त्याने लिहून ठेवले आहे की हे लोक कणीक पायाने मळतात आणि चिखल मात्र हाताने. म्हणजे परक्याच्या रोटीविषयी माणसे अडीच हजार वर्षांपूर्वीही हेच बोलत होती. बरे, हेरोडोटस खोटे बोलत होता असेही नाही. तिसऱ्या रामसेसच्या थडग्यात शाही भटारखान्याचे चित्र होते, त्यात दोन माणसे लांब काठ्यांचा आधार घेऊन कणीक तुडवताना दाखवली आहेत. जिथे मणांनी कणीक भिजते तिथे माणसाने अंगातले सगळे बळ वापरले, हात अपुरे पडले तर पाय. त्या काळच्या बादशहाला ती रोटी चालत होती. तेव्हा प्रश्न हाताचा की पायाचा हा नाहीच. हात कोणाचा, हा आहे. मराठीत 'हातचे खाणे' आणि 'हातचे पाणी' हे शब्दप्रयोग जे सांगतात ते दुसऱ्या कोणत्याही ग्रंथाने सांगण्याची गरज नाही. पावाचा आपल्या मुलखातला इतिहास हा या 'हातचे' शब्दाचा इतिहास आहे, असे मला वाटते.

रोटी तशी शेतीहूनही जुनी आहे. जॉर्डनच्या ईशान्येकडील शुबायका या ठिकाणी उत्खननात दगडी चुलींमध्ये रोटीचे जळालेले तुकडे सापडले. 2018 साली त्याविषयीचे संशोधन प्रसिद्ध झाले. हे तुकडे सुमारे 14,400 वर्षांपूर्वीचे, म्हणजे त्या भागात शेती सुरू होण्याच्याही सुमारे चार हजार वर्षे आधीचे आहेत. रानटी धान्य वेचून, कुटून, भाजून खाणाऱ्या भटक्या माणसांची ती रोटी होती. पुढे केव्हातरी भिजवलेले पीठ उरले, ते फुगले, आंबूस झाले, आणि कुणीतरी ते फेकण्याऐवजी भाजले. ते 'कुणीतरी' बहुधा बाई असावी, हा माझा तर्क. शिळी कणीक फेकवत नाही ती बाईलाच. इजिप्तच्या थडग्यांत खरोखरीच्या रोट्या सापडल्या आहेत, त्या आज जगातल्या वस्तुसंग्रहालयांत पाहायला मिळतात. इजिप्तच्या बोलीभाषेत आजही रोटीला 'ऐश' म्हणतात, म्हणजे जगणे. तंदूर हा शब्दही असाच प्राचीन आहे. इराकच्या अक्कादी भाषेत तो 'तिनूरू', अरबीत 'तन्नूर'. कुरआन शरीफमध्ये हजरत नूह यांच्या तुफानाच्या वर्णनात, सूरह हूद आणि सूरह मोमिनून या दोन्ही ठिकाणी, तन्नूर उसळल्याचा उल्लेख आहे. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक याने 'किताब अल-तबीख' हा पाककलेचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यातही रोटीला स्वतंत्र स्थान आहे.

मग आपल्याकडे, दख्खनमध्ये आणि कोकणात, खमिराची रोटी घरोघर का झाली नाही? याचे उत्तर धर्मात शोधण्याआधी धान्यात शोधावे. गव्हाच्या पिठात एक चिवट पदार्थ असतो. पाणी घालून मळत गेले की त्याचे धागे तयार होतात, जाळे विणले जाते आणि खमिरातून निघणारी हवा त्या जाळ्यात अडकून कणीक वर येते. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ यांत तो चिवटपणा नाही. त्यांचे पीठ कितीही मळा, हवा धरून ठेवत नाही. म्हणून देशावर ज्वारीची भाकरी थापली गेली आणि कोकणात तांदळाची. आमच्या कोकणी मुसलमानांच्या घरी गहू हा पाहुण्यांसाठी आणि ईदसाठी असे. खमीर मात्र आम्हांला परके नव्हते. तांदळाचे सांदण फुगवायला नारळाची माडी वापरत, हे जुन्या बायका आजही सांगतात. ते वाफेवर शिजते, विस्तवावर भाजत नाही, एवढाच फरक.

उत्तरेतून आलेली नान ही शहराची, लष्कराची आणि दरबाराची रोटी होती. 1333 साली हिंदुस्थानात आलेला इब्न बतूता मुलतानहून दिल्लीकडे जाताना वाढल्या गेलेल्या जेवणात पातळ रोट्यांचे वर्णन करतो. अबुल फझलने 'आईन-ए-अकबरी'त शाही मुदपाकखान्याच्या मोठ्या नानचे प्रमाण देऊन ठेवले आहे: पीठ 10 शेर, दूध 5 शेर, तूप दीड शेर, मीठ पाव शेर. लोखंडी तव्यावरची पातळ चपाती वेगळी, ती एका शेरात पंधरा किंवा त्याहून जास्त होतात असेही तो नोंदवतो. दहा शेराला दीड शेर तूप! ही नान गरिबाच्या स्वप्नातही यायची नाही. दख्खनमध्ये औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) नान-खलिया प्रसिद्ध आहे आणि तिचा संबंध लोक मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये दौलताबादेस राजधानी हलवली त्या काळाशी जोडतात. ही दंतकथा असली तरी तिच्यात एक शहाणपण आहे. नान लष्कराबरोबर आली, तंदूर बाजारात लागला, आणि जो नानबाई होता तो शेकडोंसाठी भाजत होता, घरासाठी नव्हे.

आता पावाकडे येऊ. 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला. भात खाणाऱ्या मुलखात त्यांना आपली रोजची रोटी हवी होती. (चर्चमधील मिस्साच्या विधीची ओस्ती बिनखमिराची असते. फुगलेला पाव हा त्यांच्या टेबलावरचा.) गहू बाहेरून आणता येत होता, भट्टी बांधता येत होती, पण खमीर कुठून आणायचे? ते त्यांना माडावर सापडले. माडाची सूर उन्हात फसफसते, ती पिठात घातली की पीठ फुगते. अशा रीतीने युरोपची रोटी कोकणच्या माडाने फुगली. साष्टीतल्या माजोर्डा गावच्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी पहिल्यांदा पाव भाजायला शिकवले असे गोव्यात परंपरेने सांगतात. पाव भाजणारा तो 'पोदेर', हाही पोर्तुगीज शब्दच. त्या पोदेराने पावाला आपले करून टाकले. कोंड्याची पोई, कडक कवचाचा उंडो, बांगडीच्या आकाराचे काकण, ही काही लिस्बनची नक्कल नव्हे. आजही गोव्यात सकाळी सायकलवर टोपली बांधून भोंगा वाजवत पोदेर येतो.

याच काळातली ती विहिरीची गोष्ट. गोव्यात सांगतात, वसईतही सांगतात, आणि वसई 1534 ते 1739 पोर्तुगीजांकडे होती. पाद्री रात्री गावच्या विहिरीत पावाचा तुकडा टाकीत. सकाळी लोक पाणी पीत, मग त्यांना सांगितले जाई की तुम्ही बाटलात. गोष्ट प्रत्यक्षात किती घडली हा वेगळा विषय आहे. मला तिच्यात दुसरेच दिसते. पावाच्या तुकड्याने कोणी ख्रिस्ती होत नाही. ज्यांनी पाणी प्यायले त्यांना 'आता तुम्ही आमचे नाही' असे सांगणारे त्यांचेच शेजारी, त्यांचेच भाऊबंद असणार. बाटवण्याचे निम्मे काम बाहेरच्याने केले असेल तर उरलेले निम्मे दार लावणाऱ्यांनी केले. हीच भीती पुढे पिठालाही चिकटली. 1857 मध्ये कानपुरात पिठात हाडांची पूड मिसळल्याची अफवा पसरली आणि तिने माणसे पेटून उठली.

मुंबई बेट 1661 च्या विवाह-तहाने इंग्लंडच्या राजाकडे आणि 1668 मध्ये कंपनीकडे गेले. गोऱ्या शिपायाला पाव लागे, तो भाजायला गोव्याकडचे ख्रिस्ती कारागीर होते. मग याच मुंबईत पावाचा एक विलक्षण प्रसंग घडला. मराठी इतिहासाच्या पुस्तकांत तो एका वाक्यात उरकतात, आम्ही शिक्षकही उरकतो. 1849 मध्ये दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा स्थापन केली. जातिभेद मोडणे हा हेतू. सभा गुप्त होती. नव्या सभासदाची कसोटी अशी की त्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे. दार बंद करून, शपथेवर! पुढे 1860 च्या सुमारास सभासदांच्या नावांची वही चोरीला गेली, नावे फुटण्याच्या भीतीने सभा मोडली. त्यातल्याच काहींनी 1867 मध्ये प्रार्थना समाज काढला.

ही कसोटी मी वर्गात सांगते तेव्हा मुले हसतात. त्यांना वाटते, पाव खायला कसली हिंमत? मग मी त्यांना 1890 चे पुण्यातले पंचहौद मिशनचे प्रकरण सांगते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. हजर असलेल्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक होते. नावे वर्तमानपत्रात छापली गेली, ग्रामण्य झाले, शंकराचार्यांपर्यंत वाद गेला आणि शेवटी मोठमोठ्या माणसांना प्रायश्चित्ताचा प्रश्न सोडवावा लागला. एक कप चहा आणि एक बिस्किट.

दादोबांच्या मंडळींविषयी मला आदर आहे. त्या काळात त्यांनी जे केले ते सोपे नव्हते. तरीही एक गोष्ट टोचत राहते. त्या खोलीत पाव होता, पण पाव भाजणारा नव्हता. पाणी होते, पण पाणी देणारा मुसलमान आत बसून सभेचा सभासद झाला होता काय? तो कसोटीचे साधन होता, लिटमसच्या कागदासारखा. सभासदांची नावे आज आपण वाचू शकतो. त्या पाववाल्याचे नाव कोणत्याच वहीत नव्हते, म्हणून ते चोरीलाही गेले नाही.

हे बोट दुसऱ्यांकडे दाखवून थांबणे मात्र मला प्रामाणिक वाटत नाही. आपल्या घरात काय आहे? आपल्याकडे शिवाशीव नाही, एका थाळीत जेवण्याची रीत आहे, रोटीचा तुकडा जमिनीवर पडला तर उचलून चुंबून बाजूला ठेवायला लहानपणी शिकवतात. रोटीचा इतका मान. पण रोटी भाजणाऱ्याचा? अशराफ घराण्यांच्या बोलण्यात नानबाई आणि भटियारा हे शब्द कसे उच्चारले जातात ते ऐकावे. लग्न जुळवताना 'उनके यहाँ तो नानबाई का काम होता था' हे वाक्य कशासाठी उच्चारतात? मस्जिदीत एका सफमध्ये खांद्याला खांदा लावून उभे राहणे आणि दस्तरख्वानावर एकत्र बसणे हे झाले, पण मुलगी देताना भट्टीचा धूर आडवा येतोच. हे आपणही उघड बोलत नाही.

धार्मिक अंगाने पावावर वाद झाला तो वेगळ्याच कारणाने. खमीर ताडी-माडीचे असेल तर पाव हलाल की हराम? हा मसला उर्दू फतव्यांत चर्चिला गेला आहे आणि उलेमांमध्ये त्यावर मतभेद होते. 1857 मध्ये लुई पाश्चरने दारूच्या आंबण्यामागे जिवंत सूक्ष्मजीव असतात हे दाखवून दिले. तेच जीव पिठातली साखर खातात, हवा सोडतात आणि थोडा मद्यार्कही. ताडीचे खमीर असो वा कोरड्या पिठाचे, भट्टीत गेल्यावर मद्यार्काचा बहुतेक भाग उडून जातो. बाजारात कारखान्यातले यीस्ट आल्यावर बेकऱ्यांपुरता हा वाद हळूहळू विसरला गेला.

याच संदर्भात मला 'बहिश्ती जेवर'ची आठवण होते. मौलाना अशरफ अली थानवी यांचे हे पुस्तक विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत प्रसिद्ध झाले आणि मुलींच्या लग्नात रुखवताबरोबर देण्याची पद्धत पडली. स्त्रियांविषयीच्या त्यातल्या पुष्कळ मतांशी माझे जमत नाही, ते इथे सांगत बसत नाही. पण त्याच्या दहाव्या भागात साबण कसा करावा, शाई कशी करावी, या कृतींबरोबर नान-पाव आणि बिस्किटे घरी कशी करावीत याचीही कृती आहे. रानडे आणि टिळकांवर बिस्किटाचे किटाळ येऊन जेमतेम पंधरा वर्षे झाली होती, आणि इकडे एक मौलवी परदानशीन बायकांना घरच्या घरी तेच बिस्किट करायला शिकवत होता! पाव फिरंग्यांचा आहे म्हणून टाकावा असे त्याला वाटले नाही. तो घरात आणावा, आपल्या हाताने मळावा, असे वाटले. बाजारच्या खमिरात काय असेल याची शंका हेही त्यामागे असेल, पण तो माझा अंदाज.

आमच्या नानीकडे या पुस्तकाची पाने सुटलेली प्रत आहे. 2020 च्या एप्रिलात टाळेबंदीमध्ये रमजान आला. आमच्या तालुक्याच्या गावी बेकरीची भट्टी थंड होती, मुलखाला गेलेले कारागीर परतू शकले नव्हते आणि दुकानांत यीस्टचा पुडा मिळत नव्हता. तेव्हा खमीर घरीच धरले. गव्हाचे पीठ आणि तेवढेच पाणी बरणीत कालवून ठेवायचे, रोज त्यातले निम्मे काढून पुन्हा तेवढेच पीठ-पाणी घालायचे. कोकणातला उन्हाळा, पाचव्या दिवशी बरणी फसफसली आणि तिला ताकासारखा आंबूस वास सुटला. नानीने झाकण काढून हुंगले आणि माडीची आठवण सांगितली.

अर्धा किलो मैदा, त्यात वाटीभर खमीर, दहा ग्रॅम मीठ, लागेल तसे पाणी. आधी कणीक बोटांना, परातीला, बांगड्यांना सगळीकडे चिकटते. चपातीच्या कणकेची सवय असलेल्या हाताला वाटते की पीठ घालावे. घालायचे नाही. तळहाताच्या टाचेने पुढे लोटायची, दुमडायची, फिरवायची, पुन्हा लोटायची. दहा-बारा मिनिटांनी तीच कणीक एकाएकी परात सोडते, गुळगुळीत होते, आणि थोडी ताणून उजेडात धरली तर पलीकडचे दिसेल इतकी पातळ होऊनही फाटत नाही. हे मी विज्ञानाच्या पुस्तकात वाचले होते, पण हातांना ते त्या दिवशी कळले. सहा तास ती ओल्या फडक्याखाली ठेवली, दुप्पट झाली. ओव्हन नव्हता. अंगणातल्या चुलीवर रुंद पातेल्यात मिठाचा थर, त्यावर डबा, वर झाकणावर निखारे. असा वर-खाली विस्तव आमच्याकडे ईदच्या केकला पूर्वीपासून देतात. चाळीस मिनिटांनी पाव काढला, उलटा करून बोटाने वाजवला, पोकळ आवाज आला. अम्मीने मगरिबच्या अजाननंतर तो हाताने तोडला, सुरीने नाही. नानीने एक घास चावून निकाल दिला, "ह्यो पाव नाय, नान हाय."

अर्ध्या किलोला माझी मनगटे भरून आली होती. मैद्याचे पोते पन्नास किलोचे असते. एका भट्टीवर रोज अशी किती पोती रिकामी होतात आणि यंत्र येण्यापूर्वी ती किती मनगटांवर रिकामी झाली असतील, याचा हिशेब मी त्या रात्री पहिल्यांदा केला. तोपर्यंत माझ्या लेखी बेकरी म्हणजे ईदच्या आठवड्यातली रांग होती. बायका नानखटाई घरी मळून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडतात, मुले तो ट्रे डोक्यावर घेऊन बेकरीत नेतात, कारागीर त्यावर नंबराची चिठ्ठी टाकतो आणि भाजून परत देतो. मळणारा हात घरचा, भाजणारा हात परक्याचा. त्या ट्रेवर कुणी कधी शंका घेतली नाही.

मुंबईत पावाचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. इराणी आले, त्यांनी कोपऱ्यावरची दुकाने घेतली, ब्रून-मस्का आणि पानीकम चहा दिला. भट्ट्यांवर उत्तर प्रदेशातले मुसलमान कारागीर आले. गिरणीचा भोंगा वाजला की कामगाराला हातात धरून चालता चालता खाता येईल असे काहीतरी हवे होते. 1966 च्या सुमारास दादरला वडा पावात बसला, असे सांगतात. बंद दाराआड शपथेवर खाल्लेल्या पावापासून रस्त्यावर उभे राहून खाल्लेल्या पावापर्यंत 117 वर्षे. हे काम कोणत्याही सुधारकाच्या भाषणाने केले नाही. भुकेने केले, आणि गिरणीच्या घड्याळाने. सरकारनेही 1965 मध्ये मॉडर्न बेकरीज ही कंपनी काढून कापलेला, मेणकागदात गुंडाळलेला पाव घरोघर पोहोचवला. 2000 साली ती हिंदुस्तान लिव्हरला विकली. यंत्रातून आलेल्या पावाला कुणाचाच हात नव्हता, म्हणून तो अनेक घरांत बिनदिक्कत शिरला.

हात विसरले गेले, पण दर वेळी नाही. 9 जानेवारी 1993 ला मुंबईत सुलेमान उस्मान बेकरीत पोलिसांच्या गोळीबारात माणसे मेली. पोलिसांनी सांगितलेली हकीकत श्रीकृष्ण आयोगाने स्वीकारली नाही. 1 मार्च 2002 ला बडोद्यात बेस्ट बेकरी जाळली गेली आणि 14 जण मेले, त्यांत मालकाच्या कुटुंबातील माणसे होती आणि कामगारही होते. खटला आधी गुजरातमध्ये, मग सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने मुंबईत चालला. कित्येक महिने वर्तमानपत्रात बेकरी हा शब्द आला की घरातली मोठी माणसे पान उलटत.

आता प्रश्न धुराचा आहे. 9 जानेवारी 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड-कोळशावर चालणाऱ्या भट्ट्यांनी सहा महिन्यांत गॅस किंवा दुसऱ्या स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. धूर वाईटच. तो आधी कारागिराच्याच छातीत जातो, मग शहराच्या. त्यामुळे आदेशाविरुद्ध गळा काढणे मला जमत नाही. परंतु जुनी विटांची भट्टी पाडून नवी बसवायला पैसा लागतो, आणि लादीपाव हा गरिबाचा घास असल्याने त्याची किंमत रुपयाभराने वाढली तरी ओरड होते. छोट्या बेकरीवाल्याने हा खर्च कुठून काढावा, याचा विचार धुराइतकाच व्हायला हवा.

गेल्या वर्षी मी आठवीच्या वर्गाला घरच्या व्यवसायाचा इतिहास लिहून आणायला सांगितले. रकाने ठरवून दिले होते: काम, वेळ, हत्यारे, कोणाकडून शिकले. एका मुलाचे वडील बेकरीत आहेत. त्याने उर्दूत लिहिले, काम रात्री दोनला सुरू, फजरला पहिली लादी बाहेर. हत्यारांत लांब दांड्याचे लाकडी फावडे, पत्रे, कणीक कापायचे पाते. 'कोणाकडून शिकले' या रकान्यात त्याने आजोबांचे पूर्ण नाव लिहिले आहे. पणजोबांचे नाव घरात कुणाला सांगता आले नाही, म्हणून तिथे 'नानबाई, जिल्हा बिजनौर' एवढेच आहे.